उम जॉर्जचा रविवार

उम जॉर्जने मला वापरून घेतलं, असं मी अजून म्हणतो. माझी बायको नंदा म्हणते, उगाच धरून बसलाय. मुलगी ऋचा म्हणते, "बाबा, लेट इट गो." पण मी धंदा करणारा माणूस आहे. इथे परदेशात, एटोबिकोत माझं टाइल्सचं दुकान आहे. लोकांच्या वॉशरूममध्ये गुडघ्यांवर बसून फरश्या लावत लावत ते मी उभं केलं. माझ्याकडून कोणी काही काढून नेलं तर मला कळतं. उम जॉर्जने ते मला कळत असताना नेलं, हे माझं दुखणं आहे.

एवढ्या मोठ्या बाईला 'त्या' म्हणावं, असं नंदाचं मत. बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी होती हे खरं. पण माझा राग पुरता गेलेला नाही, तेव्हा मी 'ती'च म्हणणार.

उम जॉर्ज हे तिचं नाव नव्हे. लेबनॉनमध्ये बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. जॉर्जची आई, म्हणून उम जॉर्ज. बुटकी, रुंद खांद्यांची, नवरा गेल्यापासून कायम काळ्या कपड्यांत. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. तो डोळ्यांवर चढला की समजायचं, आता कशाची तरी तपासणी होणार. कोथिंबीर असो, पार्सली असो, टपालाने आलेलं पत्र असो, ती आधी वास घ्यायची. दुकानातल्या दह्यावर तिचा विश्वास नव्हता. हॉटेलातल्या अन्नावर नव्हता, कारण हात कोणाचा ते दिसत नाही. मिक्सरवर तर मुळीच नव्हता. मला ती 'जारी' म्हणायची, म्हणजे माझा शेजारी. माझं नाव तिने एकदाही विचारलं नाही.

दोन हजार तीनमध्ये आम्ही तिच्या शेजारचं घर घेतलं. एकमजली जुनं घर, खाली बेसमेंट, मागे लांबट अंगण. दोन्ही अंगणांच्या मध्ये लाकडी कुंपण आणि त्या कुंपणावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत द्राक्षाची वेल. ती तिच्या नवऱ्याने लावलेली. ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आमची खोकी अजून बांधलेली होती, आणि बाई दारात उभी. हातात फॉइलने झाकलेलं ताट. आत मसूर आणि भात एकत्र शिजवलेला, वर काळपट होईपर्यंत तळलेला कांदा. नंदा म्हणाली, ही तर मसुराची खिचडी. दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, नाही, ही खिचडी नाही. मी विचारलं, हिला काय हवं असेल? नंदा मान वर न करता जेवत राहिली.

माझा अनुभव सांगतो. पहिल्या भेटीत जे गिऱ्हाईक माझ्यासाठी कॉफी घेऊन येतं, त्याला मी चढा भाव सांगतो. ते काहीतरी मागणार हे ठरलेलं असतं. इथे तर पूर्ण जेवण आलं होतं.

शेजारचं ताट रिकामं परत द्यायचं नाही ही आपली पद्धत. त्यांचीही तीच निघाली, आणि त्यामुळे कोणालाच थांबता येईना. नंदाने चकल्या भरून ताट पाठवलं, ते काकडी-पुदिन्याचं दही होऊन परत आलं. त्यात थालीपीठं गेली, बदल्यात वांग्याचं भरीत आलं, आपल्यासारखंच भाजलेलं, पण तिळाच्या वाटणात कालवलेलं. होळीला पुरणपोळी गेली तेव्हा बाई स्वतः कुंपणापाशी आली. चष्मा लावला, पोळी उघडली, वास घेतला. डाळीत साखर घालायला तुम्हाला कोणी शिकवलं, असं तिने अगदी गंभीरपणे नंदाला विचारलं. मग तिथेच उभ्या उभ्या चार खाल्ल्या.

हळूहळू नंदा तिच्या स्वयंपाकघरात जायला लागली. शाळा सुटली की ऋचाही तिथेच. मी कामावरून यावं तर घरात कोणी नाही आणि शेजारच्या खिडकीतून हसण्याचा आवाज. त्या तिथे काय बोलतात, आमच्या घरातलं काय काय सांगतात, याचा मला घोर लागला. ऋचाला विचारलं तर म्हणायची, "वी वर जस्ट रोलिंग लीव्हज, बाबा."

त्या पानांचंच सांगायचं आहे. द्राक्षाच्या कोवळ्या पानात तांदूळ आणि खिमा भरून करंगळीएवढ्या गुंडाळ्या करायच्या. पातेल्याच्या तळाला बकऱ्याच्या बरगड्या, त्यावर गुंडाळ्यांचे घट्ट थर, मध्ये लसूण, वरून भरपूर लिंबू. गुंडाळ्या हलू नयेत म्हणून वर एक जड ताटली उपडी. मंद आचेवर तासन्‌तास. मी नाशिककडचा, पिंपळगावच्या बाजूचा. माझा बाप दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणी आणि फवारणीच्या कामाला जायचा. लहानपणी माझ्या अंगाला औषधाचा वास यायचा. द्राक्षाचं पान माणसाने खायचं असतं हे मला एटोबिकोत येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ती शेळ्या खायच्या.

उम जॉर्ज वेल पाळायची ती पानांसाठी. द्राक्षं पाखरांना. जूनमध्ये पानं खुडायची, तीही शेंड्यापासून तिसरं, चौथं आणि पाचवं एवढीच. या दिवसांत ती पहाटेपासून खुर्ची टाकून अंगणात बसायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, माझ्यावर पाळत ठेवते. मीही मग खिडकीत उभं राहून तिच्यावर ठेवायला लागलो. तीन दिवसांनी उलगडा झाला. मागच्या गल्लीतून प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बायका यायच्या, कोणी ग्रीक, कोणी आर्मेनियन, आणि कुंपणाबाहेर लोंबणारी पानं खुडून न्यायच्या. त्यातल्या एका ग्रीक म्हातारीशी बाईचं जुनं वैर होतं. दोघी एकमेकींना दर रविवारी चर्चबाहेर नमस्कार करायच्या आणि सोमवारी गल्लीत भांडायच्या. त्या म्हातारीला बाई एकदा म्हणाली, "आधी जेव, मग खोटं बोल." आणि खरंच आत नेऊन तिला जेवायला घातलं.

हे तिचं नेहमीचं वाक्य. कोणी उशिरा आला, सबब सांगायला लागला, की ती त्याला थांबवायची. आधी जेव, मग खोटं बोल. पोटभर जेवलेल्या माणसाला नीट खोटं बोलता येत नाही, असा तिचा होरा होता. म्हणून मी तिच्याकडे कधी जेवलो नाही. जे खायचं ते माझ्या घरी, माझ्या टेबलावर.

तिची घासाघीस मी एकदा जवळून पाहिली. तिला स्वयंपाकघराच्या भिंतीला टाइल्स हव्या होत्या. एका शनिवारी भर दुपारी ती माझ्या दुकानात आली ती मोठा ट्रे घेऊनच. माझ्या कामगारांसाठी पालकाच्या त्रिकोणी पुऱ्या. मी सावध झालो. तिने एक टाइल निवडली, चष्मा लावला आणि रंग दोन छटांत आहे म्हणाली. मी भाव सांगितला. तिने ऐकलाच नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा पुऱ्या, या वेळी टाइलचा कोपरा. तिसऱ्या शनिवारी माझा फोरमन, एक पंजाबी सरदार, तोंडात पुरी धरून मला हिंदीत म्हणाला, दे दो ना साब, माँजी हैं. माझं डोकं फिरलं. मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. मी कोणाच्या पुऱ्यांना विकला जाणारा माणूस नाही, घ्यायचं तर घ्या. बाई शांतपणे भोपळ्याच्या बिया सोलत उभी होती. ओरडून झाल्यावर म्हणाली, "तू ओरडलास. म्हणजे आता भाव ठरला." आणि तसंच झालं. तिने जो आकडा मनात धरला होता त्यालाच टाइल्स गेल्या. घासाघीस म्हणून मला ती आवडली, हे कबूल करतो. पण त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक ताटाकडे मी जास्तच डोळे उघडे ठेवून बघायला लागलो.

आता तिच्या मुलांबद्दल. जॉर्ज आणि एली. दोघं चाळिशीच्या आसपासचे, दोघांची लग्नं झालेली, पोरंबाळं असलेली. जॉर्ज मिल्टनला राहायचा, एली मार्कहॅमला. बाप गेला तेव्हा मागे एक मोटार गॅरेज होतं. एलीला ते चालवायचं होतं. जॉर्जने ते विकलं, आणि एलीला हे कळलं ते गॅरेज विकत घेणाऱ्याकडून. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा याला वर्ष झालं होतं.

आईकडे मात्र दोघं दर रविवारी यायचे. जॉर्ज बाराला येऊन दोनला जायचा. एली चारला यायचा. मधल्या दोन तासांत बाई टेबल पुसून पुन्हा मांडायची. मी ते माझ्या खिडकीतून पाहिलेलं आहे. तेच ताट, तेच ग्लास, धुऊन पुन्हा त्याच जागी.

ऋचाने एकदा सांगितलं की पानांचं पातेलं वाढायची त्यांची एक रीत आहे. सगळे टेबलाशी बसले की मोठ्या परातीवर पातेलं उलटं करायचं, बुडावर लाकडी चमच्याने ठोकायचं आणि अलगद उचलायचं. मग बरगड्या वर येतात आणि गुंडाळ्यांचा केकसारखा डोंगर परातीत उभा राहतो. पण घरातले सगळे बसलेले असले तरच. एक जण जरी कमी असेल तर पातेलं उलटं होत नाही, चमच्याने वरून वाढायचं. उम जॉर्जने नवरा गेल्यापासून पातेलं उलटं केलेलं नव्हतं. अर्धं जॉर्जला, अर्धं एलीला, वरून. तिला आयुष्यात आता दुसरं काही नको होतं, असं नंदा म्हणायची. दोघांना एका वेळी त्या टेबलाशी बसवायचं होतं. तिने सगळं करून पाहिलं होतं. वाढदिवस, ईस्टर, स्वतःचं खोटं आजारपण. जॉर्ज आयत्या वेळी फोन करायचा की काम निघालं.

मी म्हणालो, हा त्यांच्या घरातला मामला आहे, तू लांब राहा. मला काय माहीत, मीच त्यात जाऊन पडणार आहे.

वेलीवरून आमचं वाजलं ते दोन हजार आठच्या वसंतात. वेलीच्या वजनाने कुंपण माझ्या बाजूला कलत चाललं होतं. मला नवं घालायचं होतं. वेल सोडवल्याशिवाय ते होणार नव्हतं, आणि बाई वेलीला हात लावू देईना. मी समजावलं, निम्मा खर्च माझा म्हणालो, शेवटी सगळाच माझा म्हणालो. ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. हे ती चौथ्यांदा म्हणत होती. मग माझा तोल गेला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो की एक दिवस ही वेल मुळासकट उपटून टाकीन. एली त्या वेळी तिच्या ड्राइव्हवेत गाडी लावत होता. त्याने ऐकलं.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आठवडाभर पाऊस लागून राहिला. शुक्रवारी दुपारी उघडलं. मी दुकानातून लवकर आलो होतो. अंगणात गेलो आणि वेलीच्या पानांवर तेलाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट डाग दिसले. पान उलटं केलं तर खाली पांढरी लव. डावणी. नाशिककडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. डावणीची ही बुरशी आली की सकाळी हिरवी असलेली बाग दोन-तीन दिवसांत भाजल्यासारखी होते. मी लहान असताना बापाला जेवणावरून उठून फवारणीला पळताना पाहिलंय. तिथे कोणी परवानगी विचारत बसत नाही.

बाई घरी नव्हती, डोळे तपासायला गेली होती. नायगाराकडे माझ्या एका ओळखीच्या पंजाबी माणसाची फळबाग आहे. त्याच्याकडून आणलेला मोरचूद माझ्या गॅरेजमध्ये पडून होता आणि चुना तर दुकानातलाच. बापाने शिकवल्याप्रमाणे बादलीत कालवलं आणि हातपंपाने दोन्ही बाजूंनी वेल चिंब केली. दीड तास लागला. संपूर्ण वेल निळसर पांढरी झाली. माझे हातही निळे. मला खोटं बोलायचं नाही, मला फार बरं वाटलं. पाच वर्षं त्या बाईची ताटं खाल्ली होती. आज मी तिला असं काहीतरी दिलं होतं की ज्याच्या बदल्यात मला काही नको होतं.

संध्याकाळी ती आली. मी कुंपणापाशी वाटच बघत होतो. पान उलटं करून तिला डाग दाखवले, लव दाखवली. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं, बोट फिरवलं, वास घेतला. तिला कळलं होतं. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तिने एवढंच विचारलं, ही पानं खाता येतील का. मी म्हणालो, ही नाही, पण महिन्याभरात नवी फुटतील, वेल तर वाचली.

"रविवारी दोघं येणार आहेत," ती म्हणाली. "एका वेळी. पहिल्या पानांना येतो, असं म्हणालेत."

 मी म्हणालो, महिनाभर पुढे ढकला. ती माझ्याकडे बघत राहिली, जसं लहान मुलाकडे बघावं तसं, आणि घरात निघून गेली.

शनिवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ती फोनवर मोठमोठ्याने अरबीत बोलत होती, रडत होती. एक फोन संपला, लगेच दुसरा लावला, पुन्हा तेच रडणं. मला त्यातला एकच शब्द कळत होता. जार. शेजारी.

रविवारी पावणेएकला जॉर्जची गाडी आली. दहा मिनिटांत एलीची. मी नंदाला म्हणालो, बघ, आले दोघं. ती खूश झाली. तेवढ्यात आमच्या दारावर थापा पडायला लागल्या.

दार उघडलं तर दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे. जॉर्जचा चेहरा लाल. त्याने विचारलं की माझ्या बापाची वेल तू मारलीस? मी सांगायला लागलो की रोग पडला होता, मी वाचवली. एली म्हणाला की उपटून टाकीन असं ओरडताना मी याला या कानांनी ऐकलंय. मी पुन्हा सांगायला लागलो, आवाज चढला, हात वर झाले. तेव्हा एलीने माझ्या हातांकडे बोट केलं.

"जॉर्ज, बघ," तो म्हणाला. "याची नखं अजून निळी आहेत."

"बघितली," जॉर्ज म्हणाला.

सहा वर्षांत ते एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. हे मला मागाहून नंदाने लक्षात आणून दिलं. त्या वेळी मी शिव्या देत होतो. तेही देत होते, इंग्रजीत आणि अरबीत, एक थांबला की दुसरा. त्यांच्यामागे ड्राइव्हवेत उम जॉर्ज उभी होती, हातात फडकं घेऊन. मी तिच्याकडे पाहिलं. तिने शुक्रवारी डाग पाहिले होते. एक शब्द बोलली असती तर सगळं मिटलं असतं. ती फडक्याला हात पुसत उभी राहिली, आणि मग दोघांना म्हणाली, चला, जेवण गार होतंय.

ते अंगणात जेवायला बसले. मी माझ्या स्वयंपाकघरात उभा होतो. कुंपणापलीकडून पातेल्याच्या बुडावर लाकडी चमचा ठोकल्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक. नंदाच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, इकडे तुझ्या नवऱ्याला गुन्हेगार ठरवलं आणि तू रडतेस. ती म्हणाली, त्यासाठी नाही रडत.

माझ्या डोक्यात एक प्रश्न मात्र वळवळायला लागला. पातेल्यात काय होतं? पानं तर सगळी निळी. मंगळवारी सकाळी उत्तर मिळालं. रिसायकलिंगची निळी पेटी तिने रस्त्याच्या कडेला ठेवली होती आणि त्यात मोठ्या काचेच्या सहा बरण्या, स्वच्छ धुतलेल्या. ऋचा म्हणाली, या मागच्या वर्षीच्या पानांच्या, मिठाच्या पाण्यातल्या. बेसमेंटमध्ये तिच्याकडे नेहमी असतात. हिवाळाभर पुरतात.

म्हणजे पानं होती. शुक्रवारीही होती आणि शनिवारी फोनवर रडताना पण होती.

मी तसाच तिच्याकडे गेलो. मागच्या दाराने तिच्या स्वयंपाकघरात मी प्रथमच पाऊल टाकलं. माझ्याच टाइल्स भिंतीवर. ती टेबलाशी बसून झुकिनी कोरत होती. मला बघून म्हणाली, आधी जेव. मी म्हणालो, मी जेवायला आलेलो नाही. बरण्यांचं सांगितलं, डागांचं सांगितलं. तुला माहीत होतं मी वेल वाचवली, म्हणालो. आवाज मोठाच होता माझा.

तिने काही नाकारलं नाही. कोरणी खाली ठेवली. म्हणाली, "सहा वर्षं मी जॉर्जला एलीबद्दल चांगलं सांगितलं, आणि एलीला जॉर्जबद्दल. चांगलं कोणी ऐकत नाही, जारी."

मी म्हणालो, ठीक आहे, आता आले ना दोघं? आता खरं सांग त्यांना. ती म्हणाली, सांगते. पुढच्या रविवारी.

पुढचा रविवार आला. दोघं एका वेळी आले, माझ्या घराकडे बघून एकमेकांशी काहीतरी बोलले, जेवले, गेले. मी विचारलं. ती म्हणाली, पुढच्या रविवारी. मला हा भाव करण्याचा प्रकार ओळखीचा होता. एकदा वाटलं, आपणच जाऊन त्यांना सांगावं. दोनदा दारापर्यंत गेलो. पण रोगट पानं मी केव्हाच कापून जाळली होती, आणि माझ्या बाजूने बोलायला एकच साक्षीदार होता.

वेल महिन्याभरात हिरवीगार झाली. जॉर्ज आणि एली दोघांनी मिळून एका शनिवारी कुंपण सरळ केलं, त्यांच्या बाजूने खांब ठोकून, मला न विचारता. चांगलं काम केलं. चार वर्षं मी जे मागत होतो ते झालं, पण मला आभार मानता येईनात आणि त्यांनी मानले नाहीत.

ताटं बंद झाली. वेलीला विष घालणाऱ्या शेजाऱ्याला मुलांच्या देखत ताट कसं पाठवणार? तरी त्या हिवाळ्यात माझ्या डब्यात कधीकधी असा भात असायचा की ज्यात तुपावर भाजलेल्या शेवया घातलेल्या आहेत. नंदा म्हणायची, मी केला. नंदाचा भात मी ओळखतो. मी तो खाल्ला.

मनात मात्र ते राहिलंच. या देशात मी वीस वर्षं नाव कमावलं होतं. गल्लीतल्या लोकांनी, त्या ग्रीक म्हातारीनेसुद्धा, मला बघून रस्ता बदलावा? गणपतीला दुसऱ्या एका मराठी घरी गेलो तर तिथेही कोणीतरी थट्टेने विचारलं, काय, शेजाऱ्यांची झाडं मारता म्हणे. नंदा मला म्हणाली की तुमचं काय गेलं, तिचं घर जुळलं. मी म्हणालो की माझं नाव गेलं. तिला ते क्षुल्लक वाटलं. मला अजून वाटत नाही.

दोन हजार अकराच्या ऑक्टोबरात उम जॉर्जने घर विकलं. गुडघे गेले होते, बर्फ शोव्हल करायला दर वेळी मुलांना यावं लागायचं. जॉर्जच्या घरी मिल्टनला जाणार होती. एलीनेही तिथेच दोन गल्ल्या सोडून घर बघितलं होतं, असं ऋचाने सांगितलं. शनिवारी ट्रक आला. मी समोरच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित मला वाटलं, आज तरी ती सांगेल. आता तिला गमवायचं काय होतं?

सामान निघत होतं. शेवटी बेसमेंटमधला मोठा फ्रीझर राहिला. तो ट्रकमध्ये आधी घालायचा की सोफा आधी, यावरून जॉर्ज आणि एलीचं जुंपलं. आधी सोफ्यावरून, मग आवाज चढत गेले, आणि मला त्यातला एक इंग्रजी शब्द ऐकू आला. गॅरेज. एलीने हातातला पट्टा जमिनीवर फेकला. त्यांच्या बायका पोरांना घेऊन बाजूला झाल्या.

उम जॉर्ज गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, दार उघडं, पाय बाहेर. तिने चष्मा लावला. आधी मुलांकडे पाहिलं, मग इकडेतिकडे, आणि मग मी तिला दिसलो. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत ओळख होती, आणखी काय होतं ते मी ठरवू शकलेलो नाही. मग तिने हात उचलून सरळ माझ्याकडे बोट दाखवलं आणि मुलांना अरबीत काहीतरी म्हणाली.

दोघांचे आवाज बंद झाले. दोघं एकदमच माझ्याकडे वळले, तेच लाल चेहरे, तीच एकसारखी नजर. तीन वर्षांत त्यातलं काही कमी झालेलं नव्हतं.

बोलायची संधी होती. शब्द तोंडात होते, इंग्रजीत जुळवलेले, कितीतरी महिन्यांचे. मी ते गिळले. हात खिशात घातले, कपाळाला आठ्या घातल्या आणि त्या दोघांकडे मला जमेल तितक्या तुच्छतेने बघितलं.

जॉर्ज काहीतरी पुटपुटला. एलीने मान हलवली, पट्टा उचलला, आणि दोघांनी वाकून फ्रीझर दोन्ही बाजूंनी धरला. तो आत जाईपर्यंत मी तसाच त्या दोघांकडे बघत राहिलो. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. बाईने वळून पाहिलं की नाही, हे मला त्यामुळे कळलं नाही.